जुलैत काय लागणार ते मार्चमध्येच ठरतं

मार्च उजाडला की विक्रोळीच्या ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरच्या गुलाबी झाडांचे रील्स सुरू होतात. टॅबेबुया ती, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, पण फुलते जबरदस्त, आणि खाली कुणीतरी लिहितोच की आता चेरी ब्लॉसम बघायला जपानला जायची गरज काय. त्याच्याखाली लगेच दुसरा येतो, ही विदेशी झाडं आहेत, पळस लावा पांगारा लावा. दोन दिवस भांडण चालतं, मग आयपीएल सुरू होतं आणि विषय संपतो. जुलैत हेच दोघं एकाच वृक्षारोपणात एकाच ट्री गार्डला हात लावून फोटो काढतात, आणि खड्ड्यात जे रोप असतं ते या दोघांपैकी कुणीच निवडलेलं नसतं. नर्सरीत होतं म्हणून ते आलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहरात देशी झाडं खरंच हवी असतील तर त्याचं काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांत करायला लागतं, आणि आपण नेमके तेच महिने फुलांचे फोटो काढण्यात घालवतो. मी पुण्याचा असल्यामुळे उदाहरणं पुण्याची देतोय, पण नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरच्या लोकांनी आपापल्या टेकड्या डोळ्यासमोर आणल्या तरी चालेल.

आधी एक गोंधळ मिटवू. वसंतात झाडं लावायची ही कल्पना थंड देशातली आहे. तिकडे बर्फ वितळतो, जमीन मोकळी होते, मग एप्रिलात सगळे खुरपी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांना ते बरोबरच आहे. इथे यूट्यूबवर ते बघून लोक मार्चमध्ये रोपं आणतात, टेकडीवर नाहीतर सोसायटीच्या मागे लावतात, आणि एप्रिलच्या शेवटी पारा चाळिशीला टेकला की रोपाची काडी होते. पुण्यात पाऊस वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, टेकडीवर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि मग सरळ काळा पाषाण. तिथे मार्चमध्ये कोवळं रोप लावणं म्हणजे रोपाचा छळ आहे.

आपल्या झाडांचं वेळापत्रक बघा ना. पानं गाळायची, अंगावर एक पान नसताना फुलायचं, भर उन्हाळ्यात बी पिकवायची आणि पाऊस यायच्या तोंडावर ती खाली सोडायची म्हणजे पहिल्या सरीला रुजेल. पळस, काटेसावर, पांगारा सगळे थोड्याफार फरकाने याच हिशोबात चालतात. म्हणजे झाड स्वतः पावसाळ्याची तयारी या दिवसांत करत असतं, आणि आपण शहाणे ती तयारी जून संपल्यावर सुरू करतो, तीही फोन करून की रोपं किती आहेत हो तुमच्याकडे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे कधीही वेताळ टेकडीवर, तळजाईला नाहीतर पाषाण-बाणेरच्या टेकडीवर सकाळी सातच्या आत गेलात तर मी काय म्हणतोय ते दिसेल. काटेसावरीवर लालभडक कपासारखी फुलं आणि त्यात डोकं खुपसून बसलेले पक्षी, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा अख्खा थवा. या भोरड्या, ज्यांना पळसमैना पण म्हणतात, हिवाळ्यात इथे असतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे, पूर्व युरोपाकडे परत जातात. एवढ्या लांबच्या उड्डाणाआधी त्यांना हा सगळा मध लागतो. पलीकडे गणेर पिवळाधमक, उतारावर धायटीची लाल तुरे तुरे फुलं, करवंदाच्या जाळीत बारीक पांढरी फुलं आणि त्याचा वास. हे सगळं शहराच्या मधोमध, रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर.

आणि याच्या कितीतरी जास्त जागेवर गिरिपुष्प. फिकट गुलाबी, लांबून दिसायला छानच, मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेलं, उंदीरमारी असंही नाव आहे त्याला. पुण्याच्या टेकड्यांवर हे मुद्दाम लावलेलं झाड आहे. आता यावरून लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो सगळं तोडा, दुसरा म्हणतो हिरवं आहे ना मग काय प्रॉब्लेम आहे. मला दोन्ही पटत नाही. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या, माती वाहून जात होती, गुरं काही टिकू देत नव्हती, तेव्हा कमी पाण्यात तग धरणारं, जमिनीत नत्र धरणारं आणि फांदी खोचली तरी फुटणारं झाड कुणी लावलं तर त्याला आज शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण त्याच्या दाट गर्दीखाली दुसरं काही फारसं उगवत नाही हे टेकडीवर फिरणारा कुणीही सांगेल. तेव्हा थोडं थोडं विरळ करायचं, मधे जागा झाली की इथलं झाड लावायचं, आणि काही उतार तर नुसते गवताचेच ठेवायचे कारण ते मुळात माळरान आहे, तिथे जंगल करायचा हट्ट कशाला. हा वीस-तीस वर्षांचा कार्यक्रम आहे. आणि विरळ करून झाल्यावर लावायला इथली रोपं लागणार, ती कुठून आणणार?

इथे खरी गोम आहे. राज्यात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी झाडं लावायची मोहीम झाली, सगळ्यांना आठवत असेल, शाळेतल्या पोरांपासून बँकेतल्या क्लार्कपर्यंत सगळे जुलैत खड्ड्यापाशी उभे होते. किती जगली हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि त्यात मी पडत नाही. मला वेगळंच वाटतं. आकडा आधी ठरला की रोपं पटकन आणि स्वस्तात होणारीच येणार. ज्याची बी सहज मिळते, शंभर टाकली तर नव्वद उगवतात, सहा महिन्यात पिशवीत कंबरेएवढं होतं, ते झाड नर्सरीवाला करणार, त्याला दोष देऊ नका, त्याचं पोट आहे त्यावर. मेडशिंगी, पाचुंदा, सालई, गणेर ही इथली झाडं कोण करून ठेवणार? गिऱ्हाईक जुलैत येऊन विचारतं आणि बी हाताशी येते ती त्याच्या कितीतरी आधी.

यात कायदापण अडचण करतो. महाराष्ट्राचा नागरी भागातला वृक्षांचा कायदा १९७५ चा, त्यात २०२१ ला मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वेगळं संरक्षण मिळालं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची आणि सात वर्षं सांभाळायची असं आलं. उत्तम. पण त्यात लावायचं रोप सहा ते आठ फूट उंच असायला हवं असंही आहे. हेतू चांगला असणार, छोटं रोप लावून पळ काढू नये म्हणून. आता विचार करा, एखाद्या बिल्डरला या पावसाळ्यात दीडशे झाडं सहा फुटी पाहिजेत, तो कुठे जाणार? मोठ्या नर्सरीत. आणि तिथे सहा फुटी काय तयार उभं आहे? जे भराभर वाढतं आणि ज्याला मागणी आहे ते. टेकडीवरच्या पळसाला पहिली काही वर्षं वर वाढायची घाई नसते, तो आधी खाली मूळ घालतो. उंचीच्या परीक्षेत तो नापासच होणार. माझं मत आहे की जातीनुसार उंचीची अट वेगळी पाहिजे, आणि ती बदलत नाही तोवर कुणीतरी देशी रोपं तीन-चार वर्षं सांभाळून मोठी करणारी जागा चालवायला पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे आपणच, दुसरं कोण.

म्हणून वसंतात काय करायचं तर बी गोळा करायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, मला माहितीये. पण सुरुवात अगदी आपल्या रस्त्यावरून होते. बहाव्याच्या मागच्या वर्षीच्या काळ्या शेंगा आत्ता झाडावर खुळखुळत असतात, खाली पडलेल्या असतात, झाडूवाल्या मावशी त्या रोज कचऱ्यात भरतात. शेंग फोडली की कप्प्याकप्प्यात बी आणि तो काळा चिकट मगज (तो चाखू नका, जुलाबाचं औषध आहे ते). बी टणक असते, तशीच पेरली तर महिनोनमहिने बसून राहते, म्हणून जरा पॉलिश पेपरवर घासायची किंवा उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायची. पळसाची शेंग चपटी, एकाच टोकाला एकच बी, तिलाच पळसपापडी म्हणतात, ती मे-जूनपर्यंत वाळून खाली येते आणि ताजीच पेरायची. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात खाली सडाच असतो. वावळाच्या गोल पापड्या वाऱ्याने सगळ्या पार्किंगमध्ये उडतात. काटेसावरीचं बोंड फुटून कापूस उडायच्या आत पकडावं लागतं. नंतर शिवणीची पिवळी फळं, जांभळं, निंबोळ्या येतात आणि यातल्या जांभूळ-कडुनिंबाला तर अजिबात थांबायला वेळ नसतो, काही दिवस-आठवड्यात पेरलं नाही तर बी गेली.

आणि एकाच झाडाखालून पोतं भरून आणू नका. सगळी रोपं एकाच आईची होतात, एक रोग आला की सगळी एकदम बसतात. वेगवेगळ्या चार टेकड्यांवरची, रस्त्यावरची, निरोगी मातृवृक्ष बघून थोडी थोडी घ्यायची. तसंच ज्या जागेवर लावायचंय त्याच परिसरातली बी बरी, कोकणातल्या झाडाची बी आणून वेताळ टेकडीच्या मुरमात टाकायची आणि मग देशी झाड पण जगत नाही म्हणून ओरडायचं, याला काही अर्थ नाही. वनखात्याच्या हद्दीतून न विचारता काही आणायचं नसतं हेही सांगून ठेवतो, कारण उत्साहात लोक अभयारण्यातूनही पिशव्या भरून आणतात. खाली पडलेलं सगळं आपल्यासाठी नसतं, खारी आहेत, मुंग्या आहेत, उंदीर आहेत, त्यांचा वाटा सोडा. शहरातल्या रस्त्यावर एवढी बी पडते की जंगलात जायची गरजच नाही.

मग दुधाच्या रिकाम्या पिशव्या, माती, शेणखत, आणि सोसायटीचा एखादा सावलीचा कोपरा. अर्ध्या लिटरच्या पिशवीत रोप एक पावसाळा काढतं, नंतर मोठ्या पिशवीत हलवायचं नाहीतर मूळ आत गोल गोल फिरतं आणि पुढे ते झाड आयुष्यभर लंगडं राहतं.

सीडबॉलवाल्यांचा इथे राग येईल पण बोलून टाकतो. मातीच्या गोळ्यात बी घालून ट्रेकला जाता जाता फेकायची, कॉर्पोरेटच्या टीमने एका दुपारी दहा हजार गोळे करायचे, याने फोटो छान येतात. बी कुठली, कोणत्या झाडाची, पडली तिथे माती आहे का, कुणी परत जाऊन बघितलं का, यातलं काही कुणी विचारत नाही. माळरानावर सुबाभळीसारख्या विदेशी झाडाचे गोळे फेकणारे उत्साही लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा एका कोपऱ्यात वीस पिशव्या रोज पाणी घालून जगवा, कंटाळवाणं आहे पण त्यातून झाड होतं.

सामूहिक बागकाम म्हटलं की आपल्याकडे गच्चीवरचे टोमॅटो नाहीतर कुंड्यांचं प्रदर्शन डोळ्यासमोर येतं. त्याला माझा विरोध नाही, पालेभाजी घरची असेल तर मजाच आहे. पण सोसायटीच्या कडेने गोल्डन ड्युरांटाचं कुंपण, मधे लॉन, चार पाम, आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, याला बाग म्हणायचं आपण थांबवलं पाहिजे. कुंपणाला करवंद चालतं, काटे आहेत, मे मध्ये फळं, पाणी फार लागत नाही. धायटी कुंडीतसुद्धा येते. निर्गुडी येते. हे सुचवलं की कमिटीचं ठरलेलं उत्तर, कचरा होतो. उंबर नको, फळं पडतात. सावर नको, कापूस गाड्यांवर येतो. वड नको, मुळं येतात. पिंपळ तर नकोच. वटवाघळं येतील म्हणून जांभूळ नको. म्हणजे झाड हवंय पण झाडाने करायच्या सगळ्या गोष्टी नकोत. आमच्याकडे एका मीटिंगमध्ये एका काकांनी, त्यांना सगळं सुटसुटीत लागतं, आर्टिफिशियल टर्फचं कोटेशनच आणलेलं. त्याच बिल्डिंगचे वॉचमन नांदेडकडचे, त्यांना मी सहज विचारलं तर गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत प्रत्येक झाडाचं नाव, कशाच्या पानाच्या पत्रावळी होतात, कशाचं लाकूड चुलीला चालतं, सगळं सांगितलं त्यांनी. कमिटीने त्यांना कधी काही विचारलं असेल असं वाटत नाही. शहरात झाडांची माहिती असलेले लोक भरपूर आहेत, फक्त ते मीटिंगला खुर्चीवर नसतात, दारात उभे असतात. सामूहिक म्हणताना मावशी, माळीदादा, वॉचमनकाका यात नसतील तर तो नुसता हौशी लोकांचा ग्रुप झाला.

कचऱ्यावरून आठवलं. याच दिवसांत पानगळ होते आणि याच दिवसांत सकाळी सहाला कोपऱ्याकोपऱ्यावर पानं पेटतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला पाच हजार रुपये दंड सांगितलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार, पण दंड भरलेला माणूस मला अजून भेटायचाय. पुण्यात ब्राउन लीफसारख्या गटाने पानं जाळू नका, ज्याला हवीत त्याला द्या हे काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलंय. कारण पानं म्हणजे फुकटचं आच्छादन. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपाच्या आळ्यात वीतभर जाडीचा पाला पसरला तर पाणी कितीतरी कमी लागतं. एकीकडे पानं जाळायची आणि दुसरीकडे टँकर मागवायचा, हा उद्योग फक्त माणूसच करू शकतो.

हो, गेल्या पावसाळ्यातल्या रोपांना पाणी. हे वसंतातलं दुसरं मोठं काम आणि इथे पुणेकरांचं कौतुक करायलाच पाहिजे. टेकडीवर फिरायला जाणारे आजी-आजोबा जुन्या बाटल्यांतून पाणी घेऊन जातात, आपलं आपलं झाड ठरलेलं असतं, एखाद दिवशी आजोबा दिसले नाहीत तर दुसरं कुणीतरी त्यांच्या झाडाला घालतं. कुठलीही योजना नाही, बॅनर नाही. टेकडीवरच्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे काढून दिले की पुढे ते स्वतःचं बघतं, आणि हे उन्हाळे काढून देणं हीच खरी लागवड, जुलैतला खड्डा तर अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र हे लोक वयस्कर आहेत आणि वीस वर्षांनी त्यांच्या जागी कोण असणार आहे मला दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये कॉलेजची पोरं परीक्षेत, शाळेची पोरं गावाला, आयटीवाले ट्रिपला, नेमकी गरज असते तेव्हा टेकडी रिकामी. एनएसएसचे (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास जुलैच्या वृक्षारोपणाऐवजी फेब्रुवारी-मार्चच्या पाण्याला आणि बियांना का देत नाहीत हे मला समजत नाही.

तिसरं काम म्हणजे आग. हिवाळा संपला की टेकडीवरचं गवत वाळून कोळ होतं, एक सिगारेट, एक पार्टीची शेकोटी, आणि दुपारच्या वाऱ्यात पाच वर्षांची लागवड तासाभरात जाते. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा मोकळा करतं, पण सगळीकडे पुरं पडत नाही. उन्हाळ्यात शनिवार-रविवार संध्याकाळी चार-पाच जण नुसते टेकडीवर चक्कर मारत राहिले तरी खूप फरक पडतो, यात ज्ञान लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आपण टेकड्या वाचवायला आंदोलनं करतो आणि करायलाच पाहिजेत. जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, पुणे महापालिकेत समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवरचं ९७८ हेक्टर, कित्येक वर्षं भांडून टिकलं. २०२३ मध्ये प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात वेताळ टेकडी वाचवायला लोक उतरले तेही सगळ्यांनी बघितलं. पण जमीन वाचली की काम झालं असं धरून चालतो आपण, पुढे त्यावर काय उगवणार याची फिकीर फार थोडे करतात. वारज्याचं नागरी वन २०२० मध्ये केंद्राने नगर वन योजना जाहीर करताना देशापुढे नमुना म्हणून दाखवलं, असं एक झालं म्हणजे आणखी होऊ शकतात.

पैशाचं विचाराल तर तेही आहेत. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची सोय आहे, आणि आपण त्यात काय लिहितो तर बाकडी, पेव्हर ब्लॉक, दिवे, नामफलक. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक देशी रोपवाटिका, एखाद्या उद्यानाच्या मागच्या पडीक कोपऱ्यात, शेडनेट, पाण्याचं कनेक्शन, एक पूर्णवेळ माळी आणि बियांची नोंदवही, एवढं लिहून बघा. बी आम्ही आणून देतो, पिशव्या भरायला रविवारी येतो, रोपं चौथ्या वर्षी सहा फुटांची झाली की महापालिकेनेच बिल्डरला विकावीत, माळ्याचा पगार त्यातून काढावा. आमच्या भागातून आम्ही हे दिलंय, अजून उत्तर आलेलं नाही. पण एका वॉर्डातून एक अर्ज आणि दहा वॉर्डांतून दहा अर्ज यात फरक असतो, तेव्हा फॉर्म निघाले की बाकड्याच्या ऐवजी हे लिहा, आणि तोवर बहाव्याच्या शेंगा कचरागाडीत जायच्या आत मावशींना बाजूला ठेवायला सांगा.